पाच घरांची सहाबारी

राजूरचा घाट उतरलं की मोताळ्याकडची कपाशीची काळी रानं सुरू होतात. त्या दुपारी काकूंच्या माजघरात तेलकट फडक्याची घडी उलगडली आणि जुन्या लोखंडाचा वास दरवळला.

"सहाबारी हाय. सायबानं आमच्या आजसासऱ्याले देल्ली, थेट लंडनची," काकू म्हणाल्या.

परवाना काकांच्या नावाचा होता. ते गेले; आता कायद्याप्रमाणे ही वस्तू पोलीस ठाण्यात जमा व्हायची होती. पावतीवर वर्णन नीट यावं म्हणून मला बोलावलेलं. ती रिकामी आहे ना, हे पाहायला मी बाजूची झडप उघडून घरं मोजली. पाचच निघाली. तीन पिढ्या जिला सहाबारी म्हणत आल्या, तिला सहावं घर कधी नव्हतंच.

तळहातात मावेल एवढा तिचा जीव. अडीच इंची नळी, पोपटाच्या चोचीसारखी आत वळलेली मूठ. चौकट अखंड, मधून मोडून उघडणारी नव्हे. काडतुसं झडपेतून एकेक करून भरायची. वरच्या पट्टीवर ठसठशीत इंग्रजी अक्षरं : 'ब्रिटिश बुलडॉग'. लंडनची गोष्ट इथूनच सुरू झाली असणार. पण बर्मिंगहॅमच्या वेब्लीने 1872 मध्ये हा घाट बाजारात आणला आणि तो इतका खपला, की बेल्जियम, स्पेन, अमेरिकेतल्या कारखानदारांनी घाट उचलला, नावही उचललं. म्हणून जुन्या शस्त्रावरचं मोठ्या अक्षरांतलं नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो.

सिलिंडर खिडकीच्या उजेडात धरून भिंग लावलं. त्या काळी बर्मिंगहॅमला तपासलेल्या हत्यारावर मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड असत. इथे ते नव्हते. इथे होता तांदळाच्या दाण्याएवढा लंबगोल, त्यात ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि खाली चांदणी. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाचा हा ठसा. जादा दारू भरून बार काढायचा, आणि लोखंड टिकलं तरच तो उमटवायचा. 1893 पासून या लंबगोलावर मुकुट आला. आमच्या ठशावर तो नाही. शेजारी तपासनिसाचं एक सुटं अक्षर, त्याच्याही डोक्यावर चांदणी. 1877 पूर्वी तिथे मुकुट असे. म्हणजे ही या सोळा वर्षांतली. मला त्या क्षणी झालेला आनंद सांगता येणार नाही. बंद पेटीतून कुणी आपलं वय सांगावं तसं वाटलं.

काकूंचा चेहरा मात्र उतरला. मी म्हणालो, साहेबाने दिली हे खोटं ठरत नाही. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय अशी वस्तू बाळगणं गुन्हा. गावात ती राजरोस घरात असणं हाच मान होता. आणि लिएजकडे कितीतरी कारागीर घरीच बसून, कानस घासून हे सुटे भाग घडवत.

"घरीच?" काकूंनी विचारलं. "बायामान्सं बी आसतीन मंग आजूबाजूले."

त्यांना भिंगातून काही दिसेना. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि कापूस वेचून खरखरीत झालेलं बोट सिलिंडरवरून हळू फिरवलं. बोट एका जागी थांबलं.

"चांदनी लागते हाताले," त्या म्हणाल्या.