अंतराचा हिशेब

आपल्या वाडवडिलांनी अंतर मैलांत क्वचितच मोजले. तंबाखू घेऊन निपाणीस जाणारा आमच्याकडील शेतकरी ‘पहाटे गाडी जुंपली तर ऊन चढण्याच्या आत पोहोचतो’, एवढाच हिशेब ठेवी. विमानाच्या युगातही हा जुना हिशेबच खरा ठरतो, असे मला वाटते.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला उतरले. आज थेट विमान हेच अंतर नऊ-दहा तासांत कापते. येताना वेळ थोडा कमी लागतो. कारण उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहतात. घड्याळ मात्र उलटेच सांगते. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असते. म्हणून दुपारी मुंबई सोडणारा त्याच संध्याकाळी तेथे उतरतो, आणि तिकडून रात्री निघालेला येथे दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास पोहोचतो.

परंतु कोगनोळीच्या माणसाचा प्रवास मुंबईस संपत नाही. तेथून गावापर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराचा अवघा अठरावा हिस्सा. पण रस्त्याने त्यालाही आठ तास लागतात. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असला, तरी दोन विमानांच्या वेळा जुळल्या तरच त्याचा उपयोग. शिवाय वाट कधी बंद होईल, हेही सांगवत नाही. मार्च २०२० पासून दोन वर्षे नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद होती. आणि २०२१ साली आमच्या नाक्यावर करोना चाचणीचा दाखला मागत, तेव्हा पलीकडचे कागलसुद्धा परदेश झाले होते.

पुढे एका हिवाळ्यात आमचे थोरले बंधू गेले. थोरला पुतण्या लंडनला. सोप्यात जमलेल्या वडीलधाऱ्यांनी एकच विचारले, “पोरगं कधी पोचतंय?” विमानतळावर तीन तास आधी हजेरी, नऊ तास आकाशात, मुंबईतील तपासणी, मग रस्त्याचे आठ तास. तिकीट तत्काळ मिळाले तरी एक अहोरात्र जाणारच होती. सारे गप्प झाले. वहिनीच म्हणाल्या, “त्यांना ताटकळत ठेवू नका. तो रक्षाविसर्जनाला येईल.” धाकट्याने अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरला नदीकाठी उभा होता.

ज्यांची मुले दूरदेशी आहेत, त्या घरांनी हा हिशेब शांतपणे आधीच मांडून ठेवावा. घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत किती तास लागतात, हे मुलांनी सांगावे. आणि आपल्यासाठी थांबावे की थांबू नये, हे वडीलधाऱ्यांनी हिंडतेफिरते असतानाच बोलून ठेवावे. वहिनींना तो निर्णय त्या घटकेला एकटीने घ्यावा लागला. तेवढे ओझे तरी आपण मागे राहणाऱ्याच्या शिरावर ठेवू नये.