अक्षतांनी वळवलेलं मत

कॉम्प्रेस करणं म्हणजे चित्राची नासाडी, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगायचो. तिरोड्यात लग्नं, मंडया म्हणजे गावच्या जत्रा आणि दंडारी म्हणजे रात्रीची लोकनाट्यं शूट करणारा मी माणूस. एक्स्पोर्ट करताना बिटरेटचा आकडा चढवता येईल तितका चढवायचा आणि दहा-बारा जीबीची फाइल पेनड्राइव्हवर द्यायची. गिऱ्हाईकही खूश. साइज मोठी म्हणजे काम मोठं, यावर आमचं दोघांचं एकमत होतं.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पेनड्राइव्ह मागणारे हळूहळू कमी झाले. मंडई आटोपली की लोक म्हणू लागले, "भाऊ, लिंक पाठवा नं, पोट्टा पुण्यात आहे." पोट्टा मोबाइलवर उतरवून बघणार, तोही दिवसाच्या दीड जीबीत. सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, मिनिटाला ६०. तीन तासांची दंडार ११ जीबीच्या घरात गेली. त्याच्या पॅकमध्ये त्यातली जेमतेम २५ मिनिटं बसतात. तरीही मी फाइल लहान करायचो ती नाइलाजानं, मनातून नाही.

मन वळवलं ते अक्षतांनी. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण, आणि पुढच्या बहुतेकांत काय हललं तेवढंच. अंतरपाट धरून माणसं उभी असतात तोवर काम स्वस्तात होतं. मंगलाष्टक संपतं, अक्षता उडतात आणि शेकडो दाणे आपापल्या वाटेनं निघतात. आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखायची कशी? नवरीची आई जिथे व्हिडिओ थांबवून बघणार, नेमक्या तिथेच चित्राचे चौकोन पडतात. ठरावीक बिटरेट लावून मी निवांत अंतरपाटाला आणि अक्षतांच्या वर्षावाला सारखाच वाटा देत होतो.

एक्स-२६४ या एन्कोडरमध्ये सीआरएफ नावाची सोय आहे. तिथे साइज नव्हे, दर्जा सांगायचा. कुठे किती बिट खर्चायचे ते एन्कोडर बघतो. मुळात आकडा २३ असतो. तो सहानं कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते. मी वीस-एकवीसवर ठेवून पाहिलं. फाइल पूर्वीपेक्षा पुष्कळ लहान झाली आणि अक्षता मात्र जास्त स्वच्छ दिसल्या. या निकालापुढे माझ्याकडे युक्तिवाद उरला नाही. एक्स्पोर्ट हा एडिटिंगचाच भाग आहे, असं मी आता मानतो. कशावर खर्च करायचा, हे तिथे ठरतं.

दंडारीचं दुखणं वेगळं. मंचामागच्या अंधारात कॅमेऱ्याचा गेन चढलेला, चित्रभर दाणे वळवळणारे. एन्कोडरला तीही हालचालच वाटते आणि नटाच्या चेहऱ्याचे बिट अंधार खातो. आता आधी हलकासा डीनॉइज लावतो. हलकासाच, कारण जास्त झाला तर माणसं मेणाची दिसतात. आवाजात काटकसर करत नाही. १२८ केबीपीएसनं तीन तासांचा आवाज पावणेदोनशे एमबीसुद्धा होत नाही, मग ढोलकीवर कात्री कशाला? एमपी-४ ची अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला आणणारी 'वेब ऑप्टिमाइज्ड'ची खूणही करतो. ती शेवटी राहिली तर लिंकवर बघणारा गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो.

जुना हट्ट पुरता गेलेला नाही. यूट्यूबला जड फाइलच देतो. ते आपल्या पद्धतीनं पुन्हा एन्कोड करतात. आधीच पिळलेली फाइल दिली तर मार दोनदा बसतो. आणि २०१८ चं एव्ही-१ हे फॉरमॅट निम्म्या जागेत बसतं असं कोणी कितीही ऐकवलं, तरी गावात हातोहात फिरणारी फाइल मी २००३ च्या एच-२६४ फॉरमॅटमध्येच काढतो. जुन्या मोबाइलच्या चिपमध्ये एव्ही-१ साठी वेगळी सोय नसते. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, फोन तापतो, बॅटरी उतरते. हे मोबाइल बदलले की त्यावरही बोलू.