तोरण्यावर दानीएल

वेल्ह्याहून तोरणा चढताना आम्ही दर वर्षी विद्यार्थ्यांना एका पत्राची गोष्ट सांगत असू. रोहिडखोऱ्यातील, म्हणजे आजच्या भोरकडच्या, दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना शिवाजीराजांनी १६४५ मध्ये धाडलेले ते पत्र. हे राज्य व्हावे ही देवाचीच इच्छा आहे, असा त्याचा आशय. पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही आम्ही सांगत असू. मात्र जरा हलक्या आवाजात.

एका खेपेस बिनी दरवाजाशी दम खात असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, १७०४ मध्ये औरंगजेबाने हा गड घेतला आणि त्याचे नाव फुतुहुल्गैब ठेवले. त्याचाही अर्थ दैवी विजय असाच ना? मग देवाची इच्छा नेमकी कोणती?" पत्र सांगताना आमचा ऊर भरून येई, आणि बादशहाने दिलेल्या नावाला आम्ही अहंकार म्हणून हसत असू. त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही.

साम्राज्यांच्या उदयास्तामागे देवाचा हात पाहणारा ग्रंथ म्हणून आम्ही मग बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाकडे वळलो. नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातील पुतळ्याचे डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड व मातीची. एकामागून एक येणारी ही राज्ये. कोणाच्याही हाताने न तोडलेला एक दगड येतो आणि त्या साऱ्याचा भुगा होतो. अकराव्या अध्यायात उत्तरेचा व दक्षिणेचा राजा, म्हणजे सीरियाचे सेल्युकिड आणि इजिप्तचे टॉलेमी, एकमेकांवर चालून जातात आणि मधला यहुद्यांचा लहानसा मुलूख तुडवला जातो. निजामशाही, आदिलशाही आणि मोगलाई यांच्या कात्रीत सापडलेल्या मावळांचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला हे चित्र परके वाटू नये.

परंपरेनुसार हे भविष्य बाबेलच्या बंदिवासातले, इ.स.पू. सहाव्या शतकातले. बहुतेक आधुनिक अभ्यासक मात्र अकराव्या अध्यायाचा काळ इ.स.पू. १६७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत धरतात. चौथ्या अँटिओकसने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, तो हा काळ. तोवरच्या लढाया या अध्यायात तपशिलाने जुळतात. राजाचा अंत तेवढा जुळत नाही. समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तो संपेल असे ग्रंथ सूचित करतो. प्रत्यक्षात तो इ.स.पू. १६४ मध्ये दूर इराणात मेला.

हा न जुळणारा भागच आम्हांला मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नव्हता. इतकेच नव्हे, देवाच्या बाजूचे सुज्ञ लोक तलवारीने आणि अग्नीने पडतील, असे तो स्वच्छ सांगतो. इतिहास देवाच्या हाती आहे, हे म्हणताना त्याच्यापाशी विजयाचा कोणताही पुरावा नाही.

या दृष्टीने पाहिले तर ते वादग्रस्त पत्रही वेगळे दिसू लागते. त्यातही विजय झालेला नाही. शाही हुकुमाच्या धाकाने हबकलेल्या एका वतनदाराला धीर देण्यासाठी तिथे देवाचे नाव घेतले आहे. फुतुहुल्गैब हे नाव मात्र गड हाती आल्यावर ठेवलेले. जिंकण्याआधी जो शब्द आधार असतो, तोच जिंकल्यावर मालकीचा शिक्का होतो. औरंगजेब १७०७ मध्ये वारला, गड पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ते नाव लोकांच्या तोंडी उरले नाही.

पण हा हिशेब एकट्या बादशहापुरता नाही. तेच पत्र आम्हीही गड आपला झाल्यानंतर, सुरक्षितपणे, ऊर भरून सांगत होतो. पुढच्या चढाईत आम्ही ते पुन्हा सांगू. या वेळी दादाजींच्या भीतीपासून सुरुवात करू, आणि मतभेदांचे वाक्य मोठ्याने म्हणू.