ससून डॉक आणि एक थेंब

पावसाळ्यात मुंबईकर कुठे जातो? लोणावळा, नाहीतर माळशेज. मी गेलो कुलाब्याला, ससून डॉकवर! १८७५ साली बांधलेल्या या डॉकवर एरवी पहाटे पाय ठेवायला जागा नसते. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. त्यामुळे बोटी एकमेकींना खेटून उभ्या आणि हवेत मासळीपेक्षा डिझेलचा वास जास्त.

मित्राच्या काकांची ट्रॉलर तीन बोटी ओलांडून. बूट हातात घेऊन कसाबसा पोचलो. इंजिनरूम आमच्या ऑफिसच्या पॅण्ट्रीहून लहान. त्यात सहा सिलिंडरचं इंजिन चेनपुलीनं उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवलेलं.

सीझनच्या शेवटी ऑइल दुधाळ झालं होतं. म्हणजे आत पाणी शिरलं. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो तो लायनर. त्याच्याभोवती इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं. ते खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून लायनरला रबराच्या रिंगा असतात. त्या गेल्या की ऑइलमध्ये पाणी आणि बेअरिंग खल्लास.

मिस्त्रींनी सहाही लायनर नवे बसवले होते. आता टेस्ट. ब्लॉकमध्ये पाणी भरायचं, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरायचं आणि बसून राहायचं. बस्स!

तासाभरानं चार नंबरखाली कागदावर ओला ठिपका उमटला. रुपयाएवढा.

"मिस्त्री, एवढंसं तर पाणी," काका म्हणाले. "सीझन तीन दिवसांवर आलाय. बर्फ, डिझेल, खलाशी, सगळं ठरलंय. पहिल्या फेरीच्या भरवशावर कर्ज काढलंय."

मिस्त्रींनी बॅटरी खाली ठेवली. "नाखवा, इथे थेंब आहे. बाहेर इंजिन तापलं की धार लागेल. तिथे मला कसं बोलावणार?"

काका गप्प. मग त्यांनीच पाना पुढे केला.

लायनर परत बाहेर काढला. बसवताना रिंग पिळली गेली होती. साबणाचं पाणी लावून नवी घातली. पुन्हा पाणी, पुन्हा कागद. रात्रभर कागद कोरडा राहिला, तेव्हाच पिस्टन आत गेले.

३१ तारखेला हाफ डे टाकून पुन्हा डॉकवर. डिझेल लाइनमधली हवा काढली, सेल्फ मारला. आधी काळ्या धुराचा लोट, मग पायाखालचा डेक थरथरला. थोडा वेळ चालवून इंजिन बंद केलं. मिस्त्रींनी डिपस्टिकवरचं ऑइल बोटावर घेऊन काकांना दाखवलं. पांढरटपणा अजिबात नाही. काका तेव्हा कुठे हसले.

ऑफिसात आपण किती सहज म्हणतो ना, 'चालतंय रे, नेक्स्ट व्हर्जनमध्ये बघू'? सोमवारी मीटिंगमध्ये ते माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं!

तुम्हीही जाऊन या. जुलैअखेर, साध्या चपला घालून. आणि मिस्त्री कागदाकडे बघत बसले असतील, तर घाई करू नका.