तांदळातलं नाव

परवा माहेरी, रिद्धपूरला गेले होते. आईचं कपाट आवरताना माझं लग्नाआधीचं मतदार ओळखपत्र सापडलं. दोन वेण्या, घाबरलेला चेहरा... पोरं खूप हसली. मला मात्र २००४ ची लोकसभा आठवली.

लग्न होऊन नुकतीच अकोल्याला गेले होते. ताटातल्या तांदळात नवं नाव लिहून झालं होतं. माहेरच्या यादीतून 'लग्न होऊन गेली' म्हणून नाव निघालं. सासरच्या यादीत ते आलंच नाही. दहावीच्या सनदेवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. दोघी एकच, हे सांगणारा कागद माझ्याकडे नव्हता. तरी कार्ड घेऊन केंद्रावर गेले. यादीत नाव नाही, म्हणून परत आले. कार्ड ही नुसती ओळख; मत देता येतं ते यादीतल्या नावामुळे, हे तेव्हा कळलं. घरचे सगळे बोटाला शाई लावून आले. कुणी मला मुद्दाम अडवलं नव्हतं, आणि तरीही...

आजीला सांगितलं, तर हसून म्हणाली, "नव्या नावानं हाक मारली तं मले समजेच नाही, कोनाले बलावून रायले!"

पुढे कधीतरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीबद्दल वाचलं. कित्येक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. हक्क घटनेने दिला होता, तो नावापाशी अडला.

आणि आमचं रिद्धपूर! तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभूंच्या लग्नाचे धवळे रचणारी महदाइसा आजही स्वतःच्या नावाने ओळखली जाते. तिला कुणी अमक्याची बायको म्हणत नाही.

असो. दिवाळीनंतर भाचीचं लग्न आहे. पत्ता बदलला की आता फॉर्म ८ भरायचा असतो. आहेराच्या पाकिटासोबत तोही देणार आहे, आणि शेजारी बसून भरून घेणार आहे. तांदळात काय लिहायचं, की काहीच नाही, ते तिचं ती ठरवेल.