झंप्याचा दिवस

झंप्या आमच्या कोथरूडच्या घरी आला तेव्हा दोन वर्षांचा होता. भाच्यानं त्याला पिल्लू असताना बंगळूरहून आणलं होतं. पुढे भाचा शिकायला जर्मनीला निघाला आणि मांजर मावशीकडे आलं. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. सकाळी साडेनऊला घराला कुलूप लागायचं ते संध्याकाळी सहाला निघायचं. हे मी भाच्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "एकटा राहतो गं तो. फक्त त्याला करायला काहीतरी लागतं."

झंप्या बेंगाल जातीचा होता. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर गडद कडांची फुलं, पोटावर ठिपके, आणि उन्हात बसला की केसांच्या टोकांवर सोनेरी चमक. पाहुण्यांना वाटायचं, केवढं शोभिवंत मांजर! पण शोभेसाठी एका जागी बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. फ्रिजवरून माळ्यावर, माळ्यावरून पडद्याच्या दांड्यावर, तिथून थेट सोफ्याच्या पाठीवर, असा त्याचा रस्ता होता आणि जमीन त्यात फार कमी वेळा यायची. पाण्याचं त्याला वेड. वाटीतलं पाणी पिण्याआधी पंजानं ढवळायचं, बादली भरत असली की काठावर बसून धारेला हात लावायचा.

ही जात मुळात संकराची. तिचं एक कूळ जंगलात आहे. बिबट मांजर हे आशियातलं छोटं रानमांजर, आकारानं साधारण घरच्या मांजराएवढं, आपल्या सह्याद्रीतही राहणारं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला जागा आहे; ते पाळायचं नसतंच. अमेरिकेतल्या जीन मिल या बाईंनी १९६३ साली बिबट मांजर आणि घरगुती बोका यांचा संकर केला. पण जातीची खरी घडण झाली ती १९८० नंतर कॅलिफोर्नियात. विलार्ड सेंटरवॉल हे संशोधक मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करत होते. त्यासाठी जन्माला घातलेली संकराची पिल्लं त्यांनी मिलबाईंना दिली. १९८२ साली त्या भारतात आल्या. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारं नारिंगी अंगाचं, ठिपक्यांचं एक भटकं पिल्लू त्यांनी पाहिलं आणि अमेरिकेला नेलं. आज जगभरातल्या असंख्य बेंगाल मांजरांच्या वंशावळीत दिल्लीच्या त्या बोक्याचं नाव आहे. संकराच्या पहिल्या पिढ्यांतले नर बहुधा वांझ निघतात. चौथ्या पिढीपासून पुढच्या संकराला घरगुती मांजर मानतात. झंप्या त्याच्याही कितीतरी पिढ्या पुढचा. हिंस्रपणा त्याच्यात नावालाही नव्हता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मंदाताईंच्या नातवानं शेपूट धरली तरी तो नुसता उठून जायचा. रानातून उरलं होतं ते एवढंच, की दिवसभर शोधायचं, चढायचं, दबा धरायचा, झडप घालायची.

ज्याला दिवसाचे साडेआठ तास एकट्यानं काढायचे आहेत, त्याच्यासाठी आम्ही आधी घर निर्धोक करायला घेतलं. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. खिडक्या सरकत्या, त्यांना डासांच्या जाळीची एक सरकती झडप, आणि गॅलरीला कबुतरांसाठी बांधलेली नायलॉनची जाळी. झंप्यानं पहिल्याच आठवड्यात झडप सरकवून दाखवली. पंजाची नखं फटीत घालायची आणि अंग एका बाजूला रेलायचं, इतकं साधं त्याचं तंत्र. गॅलरीच्या जाळीपुढे कबुतर येऊन बसलं की तो दातांनी नायलॉनचा एकेक धागा कुरतडायचा. जाळी बसवणाऱ्यानं "मांजराचं काही चालत नाही याच्यापुढं" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत धागा तुटला, म्हणून वेळेवर कळलं. मग गॅलरीला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी चौकटीत बसवून बोल्टनं आवळली आणि खिडक्यांच्या पट्टीत अडकण टाकली.

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं, त्याला काही होत नाही, हे मला कुणीकुणी ऐकवलं. न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. त्यातली सुमारे नव्वद टक्के वाचली, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. पण त्यांतल्या कितींची छाती आतून फुटली होती, जबडे आणि टाळू फाटले होते, पाय मोडले होते. शिवाय जी जागच्या जागी गेली, ती दवाखान्यात आलीच नसणार. उंच इमारतीत मांजर पाळणाऱ्यानं पैसे वाचवायचे असतील तर ते जाळीत वाचवू नयेत, असं मी आजही भेटेल त्याला सांगते.

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी. झंप्यानं सिंकचा दांडीचा नळ उघडायला शिकून घेतलं होतं. डोक्यानं दांडी वर ढकलायची, की धार सुरू. आम्ही तो काढून फिरवायचा जुन्या पद्धतीचा नळ बसवला. ओट्याखालच्या ट्रॉल्या तो खालच्या कडेत पंजा घालून ओढायचा. त्यांना लहान मुलांसाठी मिळणारी कुलपं लावली. सगळ्यात धोक्याची होती इंडक्शन शेगडी. बटणाला स्पर्श झाला की सुरू होणारी. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, जानेवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात मांजरांमुळे घरांत १०७ आगी लागल्याचं तिथल्या अग्निशमन विभागानं सांगितलं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा घरात माणूस नव्हतं. हे वाचल्यापासून घराबाहेर पडताना प्लग काढायचा आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, हे पाळलं गेलं. वॉशिंग मशिनचं दारही लावूनच ठेवायचं, कारण ऊबदार बोगदा दिसला की हा आत.

सणवार आले की काळजी वाढायची. राखीचा रेशमी दोरा, गौरी-गणपतीच्या झिरमिळ्या, आकाशकंदिलाच्या शेपट्या, शिवणाच्या डब्यातला दोरा हे सगळं झंप्याला शिकार वाटायचं. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तो बाहेर टाकता येत नाही, गिळलाच जातो. पोटात गेलेला दोरा एका टोकाला अडकला तर आतडं त्यावर गोळा होतं आणि कापलं जातं. म्हणून खेळायची पिसांची काठीसुद्धा आम्ही खेळ संपला की कपाटात बंद करायचो. पांढरं फिनाईल, डांबराच्या गोळ्या, पॅरासिटामॉल यांना घरात उघड्यावर जागा नव्हती. असे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी. लग्नसमारंभातून येणाऱ्या पुष्पगुच्छात लिली असेल तर तो गुच्छ दारातूनच शेजारी जायचा. लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

इतकं करून घर सुरक्षित झालं. झंप्या सुखी झाला असं मात्र नाही. संध्याकाळी आम्ही दार उघडलं की तो घोगऱ्या, लांब आवाजात ओरडत सामोरा यायचा आणि मागे उशा फाटलेल्या, कुंडीतली माती दिवाणखान्यात. हे बदमाश मांजर आहे, असं शेजारच्या काकूंचं मत पडलं. मला ते पटेना. आम्ही एक छोटा कॅमेरा बसवला आणि त्याचा दिवस पाहायला लागलो.

तो अख्खा दिवस उच्छाद घालत नव्हता. आम्ही गेल्यावर तो थोडा वेळ दारापाशी बसायचा, मग माळ्यावर जाऊन झोपायचा. दुपारी एकदा उठून आळस द्यायचा, वास घेत फिरायचा, पुन्हा झोपायचा. चार वाजून गेले की चित्र पालटायचं. आधी कान टवकारायचे. मग खिडकी, मग दार, मग परत खिडकी. कातडी पाठीवर थरथरायची. आणि मग तो ओरडायला लागायचा, रिकाम्या घरात, छताकडे तोंड करून. तो आवाज मोबाइलमधून ऐकताना माझं कामावरून लक्ष उडायचं. पहाट आणि तिन्हीसांज हीच मांजराची शिकारीची वेळ. त्याचं अंग शिकारीला तयार व्हायचं आणि घरात शिकार नसायची.

मग आम्ही त्याच्या घड्याळानुसार घर चालवायला घेतलं. सकाळी आठला पिसांच्या काठीमागे धाप लागेपर्यंत पळवायचं, शेवटी काठी त्याच्या पंजात पडू द्यायची, आणि लगेच पोटभर खायला. शिकार झाली, खाणं झालं, की मांजर अंग चाटतं आणि झोपतं. हा क्रम निसर्गानंच लावून दिलेला आहे. आम्ही निघेपर्यंत त्याचे डोळे मिटायला लागलेले असायचे. दुपारसाठी अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत, भोकं पाडलेल्या खोक्यांत, माळ्याच्या कोपऱ्यात थोडं थोडं खाणं दडवून ठेवायचो, आणि जागा रोज बदलायचो. मंदाताई पूर्वी सकाळी यायच्या. त्यांनी आपली वेळ बदलून चारची केली. "बाळ्या, चल, तुझी ड्युटी लागली," म्हणत त्या आधी त्याच्याशी खेळायच्या आणि मग भांड्यांना हात लावायच्या. झंप्याच्या सुखात माझ्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे, हे मी मनापासून म्हणते.

चाकाची कल्पना नवऱ्याची. बाहेरून मागवायचं तर फार महाग, म्हणून सुतारकाकांना बोलावलं. "वहिनी, एवढं मोठं चाक? मांजरासाठी?" त्यांनी टेप हातात धरूनच विचारलं. व्यास चार फूट, कारण चाक लहान असेल तर पळताना मांजराची पाठ वाकते. आरे नकोत, कुठे फट नको, नाहीतर पंजा अडकेल. आतून गालिचाचा तुकडा, खाली रबराचा जाड पट्टा, म्हणजे सहाव्या मजल्यावर आवाज नको. चांगले बेअरिंग टाकून काकांनी ते बोटानं फिरेल असं हलकं केलं आणि बघायला थांबले. झंप्यानं आधी मागं जाऊन बेअरिंगच्या ग्रीसचा वास घेतला. मग एक पंजा आत ठेवला. चाक सरकलं तसा तो उडून टेबलाखाली. दुसऱ्यांदा दोन पंजे. खाऊचा तुकडा पुढे धरला तसा तो आत चढला, दोन पावलं चालला, थांबला, चाकाकडे वळून पाहिलं. त्या दिवशी तेवढंच. काही दिवसांनी पहाटे घरघर ऐकू आली म्हणून बाहेर आले, तर अंधारात तो धावत होता, शेपूट सरळ, कान मागे, मान स्थिर. मी दिवा लावला तरी तो थांबला नाही. सुतारकाकांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो आपल्या गावी सगळ्यांना दाखवला.

पार्किंगमधल्या एका भटक्या मांजरीचं पिल्लू, ठकी, आमच्याकडे आली ती झंप्या पाच वर्षांचा असताना. आधी बंद दाराच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांच्या पांघरुणांचा वास, मग फटीतून दर्शन, असं हळूहळू. दुसरं मांजर आणलं की पहिल्याचा प्रश्न आपोआप सुटतो असं नाही. या दोघांचं जमलं, ते नशीब. पण जमल्यावर दुपारच्या कॅमेऱ्यात दोघं माळ्यावर एकमेकांना टेकून दिसू लागली. ज्यांना घरात एक मांजर हवंय, त्यांनी ठकीसारखं एखादं उचलावं असं माझं स्पष्ट मत आहे. बेंगाल मागायचा तर आधी आपले सकाळ-संध्याकाळचे तास मोजावेत, ठिपके नंतर बघावेत.

म्हातारपणी झंप्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला. या जातीत हे दुखणं बऱ्यापैकी आढळतं. माळ्यावर जायला सुतारकाकांनीच पायऱ्या करून दिल्या. चाकावर तो चालायचा, धावायचा नाही. गोळी दह्यात कालवून द्यायचो, आणि मंदाताई चार वाजता काठी जमिनीवरूनच हळू फिरवायच्या. तेराव्या वर्षी, आम्ही दोघं आणि मंदाताई घरात असताना, तो गेला.

ठकीनं चाकाला कधी पाय लावला नाही. पण ट्रॉलीच्या खालच्या कडेत पंजा घालून अंग मागं रेलायचं, हे तिनं झंप्याकडून नेमकं उचललंय. गेल्या महिन्यात लहान मुलांसाठीचं एक कुलूप झिजून निघालं, तर दुसऱ्या दिवशी मंदाताईंचा चार वाजता फोन, "ताई, हिनं रव्याचा डबा काढलाय. नवीन कुलूप घेऊन या येताना, आणि दोन घ्या."