मनोरा नसलेले आकाश

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या खोलीचा एक उंच मनोरा उभा राहतो. त्या खोलीत बसलेला कोणीतरी सर्वांना पाहतो, 'तू थांब, तू उतर' असे सांगतो आणि त्याच्या आज्ञेनुसार विमाने ये-जा करतात, अशी आपली समजूत असते. माझीही होती. २०१६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पश्चिम भागात, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या एका लहानशा धर्मग्रामात मी सेवेसाठी गेलो, तेव्हा ती दूर झाली. गावाबाहेर एक धावपट्टी होती, चार-सहा लहान विमाने मावतील एवढी पत्र्याची शेड होती, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. मनोरा मात्र नव्हता. आज्ञा देणारे कोणी नसताना विमाने उतरत होती आणि उडतही होती.

हा अपवाद नव्हे. त्या देशात जनतेला खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांपैकी मनोरा असलेले पाचशेच्या आसपास. उरलेल्या ठिकाणी वैमानिकांनी एका ठरलेल्या रेडिओ-लहरीवर आपण कोठे आहोत व काय करणार आहोत हे स्वतःच जाहीर करायचे, इतरांचे ऐकायचे आणि डोळे उघडे ठेवायचे, अशी रीत आहे. हे बोलणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे, कारण परवानगी द्यायला तेथे कोणी नसतेच. आपल्या शब्दांवरून दुसऱ्याने आपली वाट ठरवावी, एवढाच त्याचा हेतू असतो.

आमच्या धर्मग्रामातील सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याकडे जुने सेस्ना विमान होते. शनिवारी सकाळी तो मला शेजारच्या आसनावर बसवून फिरवून आणी. काही महिन्यांनी त्याने रेडिओवर बोलण्याचे काम माझ्याकडे सोपवले. "फादर, तुम्हांला बोलण्याची सवय आहे," तो म्हणाला. प्रवचनशास्त्राचा अभ्यास सेमिनरीत केलेला असल्याने मलाही हे काम सोपे वाटले. पहिल्याच दिवशी मी नमस्कारापासून सुरुवात केली. त्याने हसून मला थांबवले. "हे प्रवचन नव्हे. बटण दाबण्यापूर्वी वाक्य मनात पूर्ण झालेले असले पाहिजे."

मग त्याने मला त्या वाक्याची बांधणी शिकवली. प्रथम विमानतळाचे नाव, मग आपण कोण, कोठे, किती उंचीवर आणि पुढे काय करणार; शेवटी पुन्हा विमानतळाचे नाव. दोनदा नाव कशासाठी, असे मी विचारले. तेव्हा कळले, की एकच लहर अनेक विमानतळ वापरतात आणि उंचावरील विमानाला दूरदूरच्या गावांतील बोलणे ऐकू येते. सुरुवातीचे नाव निसटले, तर शेवटचे तरी कानी पडावे. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर ऐकणाऱ्याला केवळ कर्कश आवाज ऐकू येतो आणि दोघांचेही शब्द वाया जातात. म्हणून थोडके बोलावे आणि बोलण्याआधी ऐकावे. 'परिसरात कोणी असल्यास कळवा' असे विचारण्याची सवय काही वैमानिकांना असते. तेथील अधिकृत मार्गदर्शिकेत हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. लहर सर्वांची आहे. दहा मैलांवरून आपले ठिकाण सांगावे आणि इतरांचे ऐकत पुढे यावे.

हे सर्व मी पाठ केले होते. तरीही २०१७ सालच्या ऑक्टोबरमधील एका शनिवारी माझ्या हातून चूक घडली.

आम्ही दक्षिणेकडून परत येत होतो. धावपट्टी समोर, उत्तरेस, पाच मैलांवर होती. शेतकरी उतरण्यापूर्वीची तपासणी-यादी वाचत होता. मी बटण दाबले आणि ठाम, स्पष्ट आवाजात सांगितले, की आम्ही 'उत्तरेस पाच मैल' आहोत. माझ्या दृष्टीने ते खरेच होते, कारण विमानतळ माझ्या उत्तरेस होता. पण रेडिओवर सांगायचे असते ते विमानतळापासून आपले स्थान. मी दक्षिणेस होतो.

मिनिटभर सारे शांत होते. मग शेतकऱ्याचा हात एकाएकी हलला आणि विमान उजवीकडे कलले. डाव्या खिडकीतून एक पांढरे विमान आमच्याच उंचीवरून निघून गेले. त्याच्या पंखाखालील अक्षरे मला वाचता आली. समोरासमोर आलेल्या विमानांनी उजवीकडे वळावे, हा नियम त्या वृद्ध हातांना विचार न करता आठवला होता. मला मात्र काय घडले हे समजायलाच काही क्षण लागले.

त्या विमानात एक शिकाऊ मुलगी आणि तिचा शिक्षक होते. वारा दक्षिणेचा असल्याने त्यांनी दक्षिणेकडे उड्डाण केले होते. ती दोघे परत उतरल्यावर मी शेडपाशी जाऊन त्यांची क्षमा मागितली. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, मी तुम्हांला शोधतच होते. मान वळवून सारखी मागे उत्तरेकडे पाहत होते."

तिच्या त्या वाक्याने मी आतून हादरलो. तिने माझे ऐकले नसते, तर कदाचित ती समोर पाहत राहिली असती. माझ्यावर विश्वास ठेवल्यामुळेच तिची नजर चुकीच्या दिशेला वळली होती. माझा उच्चार स्पष्ट होता, आवाज खणखणीत होता, वाक्याची बांधणीही नियमानुसार होती. दोष एवढाच, की मी माझ्या जागेवरून बोललो होतो, ऐकणाऱ्याच्या जागेवरून नव्हे.

"चूक माझीही आहे," शेतकरी कॉफी पिताना म्हणाला. "तुमचे शब्द माझ्या कानांवरून गेले. 'करेक्शन' म्हणून मी लगेच दुरुस्ती करायला हवी होती." मग काही वेळ थांबून त्याने विचारले, "क्विन्सीचे तुम्हांला ठाऊक आहे?"

क्विन्सी हे मिसिसिपी नदीकाठचे गाव आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर होते. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी तेथील मनोरा नसलेल्या विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होते. त्याला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर एक किंग एअर विमान उभे होते आणि त्याच्या मागे एक लहान चेरोकी. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, की धावपट्टीवरील विमान थांबणार आहे की उडणार आहे. किंग एअरकडून उत्तर आले नाही. उत्तर दिले ते मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने, आणि त्याचे वाक्यही अखंड पोहोचले नाही, कारण त्याच वेळी प्रवासी विमानातील उंची सांगणारा यांत्रिक आवाज मध्ये आला. वैमानिकांना वाटले, किंग एअरच थांबते आहे. त्यांनी आभार मानले आणि ते उतरले. चेरोकीकडून त्यांचा गैरसमज दूर केला गेला नाही. किंग एअर धावत सुटले होते. दोन्ही धावपट्ट्या जेथे छेदतात तेथे विमाने आदळली. दोन्ही विमानांतील मिळून चौदा जण मृत्यू पावले. प्रवासी विमानातील लोक आघातातून वाचले होते. परंतु धावत आलेल्यांना दार उघडता आले नाही आणि आगीने त्यांना गाठले. चौकशीत मुख्य दोष किंग एअरमधील वैमानिकांचा ठरला: त्यांनी ना नीट ऐकले, ना नीट पाहिले. चेरोकीच्या त्या अपुऱ्या राहिलेल्या, चुकीच्या अर्थाने घेतल्या गेलेल्या उत्तराचाही कारणांत उल्लेख झाला.

"फादर," तो म्हणाला, "उतरणाऱ्यांनी विचारले होते. त्यांनी ऐकलेही होते. जे ऐकले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला."

पुढच्या शनिवारी मी विमानतळावर जायला तयार नव्हतो. तो गाडी घेऊन धर्मगुरूनिवासाच्या दारात आला आणि इंजिन बंद न करता बसून राहिला. शेवटी मी निघालो. परतीच्या वाटेवर दहा मैलांवर त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. मी डोळे मिटून क्षणभर त्या धावपट्टीवर उभा राहिलो आणि तेथून आकाशाकडे पाहिले. आम्ही कोठे दिसू? मग बटण दाबले. गावाचे नाव, पांढरी सेस्ना, दक्षिणेस दहा मैल, दोन हजार फूट, उतरण्यासाठी येत आहोत, पुन्हा गावाचे नाव.

रेडिओवर उत्तर आले नाही. तेथे ते येतेच असे नाही. पण जवळ आल्यावर खाली धावपट्टीच्या कडेला एक लहान विमान उभे असलेले दिसले. इंजिन सुरू होते, पंख्याचे पाते उन्हात चमकत होते, आणि ते धावपट्टीवर येत नव्हते. आम्ही उतरून बाजूला होईपर्यंत ते तसेच थांबून राहिले.